चेंबर, खांब आणि कोर्ट नाका: एका मृत्यूचा दावा कुठे लावायचा?

"साहेब, केस कुठं टाकायची तेवढं सांगा. तीन महिने तेच विचारत फिरतोय."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ठाण्याच्या कोर्ट नाक्यावरच्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात मयताचा धाकटा भाऊ हे म्हणाला. सोबत मयताची बायको आणि आई होत्या. भावाने कापडी पिशवी टेबलावर उलटी केली. मृत्यूचा दाखला, हॉस्पिटलची बिलं, पंचनाम्याची अंधूक झेरॉक्स, प्रभाग कार्यालयाचा शिक्का असलेला अर्ज, कोणा एजंटाने अर्धवट भरलेला क्लेमचा फॉर्म आणि वर्तमानपत्रातलं एक कात्रण. त्यातून मी आधी तारखा शोधल्या. अपघात २८ ऑक्टोबर, मृत्यू १ नोव्हेंबर. भिंतीवरच्या कॅलेंडरात एप्रिलचं पान काढून २८ तारखेभोवती गोल केला, तेव्हा भाऊ गोंधळला. त्याचा प्रश्न 'कुठे' असा होता आणि मी 'कधी' पाहत होतो. अशा प्रकरणात हे दोन प्रश्न एकमेकांच्या पायात पाय घालतात. हे प्रकरण सविस्तर लिहून काढावंसं वाटलं ते त्यामुळेच. ओळख पटू नये म्हणून रस्त्याचं आणि माणसांचं नाव गाळलं आहे. ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत, त्यांतली ही कुठली तेही सांगत नाही.

काय घडलं

मयत ३८ वर्षांचा. कळव्यात भाड्याच्या खोलीत राहायचा, फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा. दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता, अवकाळी पाऊस पडत होता. रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटचं काम उरकून तो मित्राच्या स्कूटरवरून घरी निघाला. रस्त्याच्या कडेला पावसाळी गटाराचा चेंबर होता, त्यावर झाकण नव्हतं आणि वर पाणी साचलेलं होतं. पुढचं चाक आत गेलं. हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नव्हता. आधी जवळच्या दवाखान्यात, तिथून मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. शुद्ध आलीच नाही.

म्हणजे एकाच मृत्यूला सुरुवातीलाच तीन जागा चिकटल्या. राहणं कळव्यात, चेंबर दुसऱ्या महापालिकेच्या हद्दीत, प्राण गेला मुंबईत. अकस्मात मृत्यूची पहिली नोंद रुग्णालयाजवळच्या मुंबईच्या पोलीस ठाण्यात झाली आणि कागद नंतर घटनास्थळाच्या पोलीस ठाण्यात आले. त्यात आईचं गाव पाटण तालुक्यातलं, म्हणजे चौथी जागा सातारा जिल्ह्यातली. भावाला भेटलेल्या प्रत्येक सल्लागाराने या चारांपैकी एक जागा पकडून सल्ला दिला होता.

भेटलेले सल्ले

पहिला सल्ला रुग्णालयाच्या दारातच मिळाला: "क्लेम लावू, टक्केवारी नंतर बघू." क्लेम म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला अर्ज. तिथे अर्जदाराला जागेची मोठी मोकळीक असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे अपघात झाला तिथे, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथे, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. गावाकडच्या एका शेजाऱ्याने ट्रकच्या अपघातात असा अर्ज साताऱ्यातच केला होता, म्हणून भावाला वाटलं की आपणही करू. अडचण अशी की इथे दुसरं वाहनच नव्हतं. ज्याच्या चालकाची चूक दाखवायची आणि ज्याच्या विमा कंपनीकडून पैसे मागायचे, असं समोर कोणी नाही. गाडीमालकाला पॉलिसीत १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं, पण स्कूटर मित्राची होती. महापालिकेची बस अंगावर आली असती तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा न्यायाधिकरणच बरोबर ठरलं असतं, आणि बस महापालिकेची असल्याने काही फरक पडला नसता. उघड्या चेंबरसाठी महापालिकेला तिथे एकटं उभं करणं मला पटत नव्हतं.

दुसरा सल्ला ग्राहक आयोगाचा. "पट्टी भरतो ना आपण, मग ग्राहकच की." हे ऐकायला फार बरं वाटतं. पण कर म्हणजे सेवेचं मोल नव्हे, त्यामुळे रस्त्यावरून जाणारा माणूस महापालिकेचा ग्राहक ठरत नाही. महापालिकेच्या रुग्णालयात उपचारातल्या हलगर्जीपणाने कोणी दगावला तर मात्र ग्राहक आयोगाचा विचार करावा लागतो. तिथेही सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल आडवा येतो: सगळ्यांनाच फुकट उपचार मिळत असतील तर ती 'सेवा' नाही, काहींकडून पैसे घेतले जात असतील तर फुकटातला रुग्णही ग्राहक.

तिसरा सल्ला भावकीतल्या एका शिकलेल्या माणसाचा होता आणि काळाच्या बरोबर होता. "कोल्हापूरला हायकोर्ट आलंय आता. सातारा जिल्हा त्यातच येतो. रिट टाका." रिट म्हणजे थेट उच्च न्यायालयात करायची याचिका. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं आणि सातारा त्यात येतो, हे खरं. पण मयताच्या आईचं गाव कुठलं यावर ते ठरत नाही. घटना ठाणे जिल्ह्यात, जबाबदार कार्यालयं इथली, म्हणजे रिट करायचीच तर मुंबईला. मुळात करायची का, हा आणखी वेगळा मुद्दा. कोठडीत मृत्यू झाला की घटनात्मक हक्कांच्या भंगासाठी उच्च न्यायालय थेट भरपाई देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या नीलाबती बेहेरा प्रकरणात ते ठळक केलं. पण ओडिशात विजेच्या तारेने झालेल्या मृत्यूंच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितलं, की वस्तुस्थितीवरच वाद असेल तर साक्षीपुरावा घेणाऱ्या दिवाणी कोर्टात जा. आमच्याकडे रस्ता कोणाचा इथपासून वाद होता.

चौथा सल्ला एका ओळखीच्या वकिलांचा: "सातारा कोर्टात दिवाणी दावा लावू, मी आहे." त्यांचा हेतू चांगला होता, पण सल्ला कायद्यात बसत नव्हता. माणसाच्या शरीराला झालेल्या इजेच्या भरपाईचा दावा कुठे लावायचा हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ मध्ये आहे. कृत्य घडलं त्या हद्दीत, किंवा प्रतिवादी राहतो वा कामकाज करतो त्या हद्दीत. या दोन जागा वेगळ्या असतील तर निवड वादीची. कलमाखालचं उदाहरण शंभरहून जास्त वर्षं तेच आहे: दिल्लीत राहणाऱ्या अ ने ब ला कलकत्त्यात मारलं, तर ब ने कलकत्त्यात दावा लावावा किंवा दिल्लीत. ब स्वतः कुठे राहतो याचा कलमात उल्लेखच नाही. आईला दर तारखेला पाटणहून ठाण्याला यावं लागेल याचं वाईट वाटतं, पण महापालिकेविरुद्धच्या मृत्यूच्या दाव्यात वादीच्या घराला काही वजन नाही.

रस्ता कोणाचा?

कोर्ट कुठलं हे ठरवायला प्रतिवादी कोण हे ठरायला हवं, आणि प्रतिवादी ठरायला रस्ता कोणाचा हे कळायला हवं. ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्यालाही ठाऊक नसतं, की डांबर कोणाचं, गटार कोणाचं आणि दिवे कोणाचे. काही रस्ते महापालिकेचे, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे, औद्योगिक पट्ट्यातले एमआयडीसीचे, सिडकोने वसवलेल्या नोडमधले हस्तांतरण झालेले किंवा न झालेले, महामार्ग आणखी कोणाचे. एकाच रस्त्यावर पूल एकाचा आणि त्याखालचा सर्व्हिस रोड दुसऱ्याचा, असंही असतं. आणि लोक ज्याला सरसकट 'नवी मुंबई' म्हणतात त्यातलं खारघर-कामोठे तर ठाणे जिल्ह्यातच नाही. तिथे रायगड जिल्हा, २०१६ मध्ये स्थापन झालेली पनवेल महापालिका आणि पनवेलचं कोर्ट. नेरूळला किंवा ऐरोलीला चेंबर उघडा असेल तर महापालिका वेगळी, जिल्हा वेगळा. पोस्टाच्या पत्त्यावर 'नवी मुंबई' लिहिलेलं पाहून दावा लावायला धावू नये, हे मी ज्युनिअरना नेहमी सांगतो.

मयताच्या भावाने नोव्हेंबरातच प्रभाग कार्यालयात अर्ज दिला होता. उत्तर तोंडी आलं: हा रस्ता अजून आमच्याकडे हस्तांतरित झालेला नाही, एका शासकीय महामंडळाचा आहे. महामंडळाच्या कार्यालयात सांगितलं, आम्ही बांधला, देखभाल महापालिकेची. तिथल्याच एका शिपायाने शहाणपण सांगितलं, की मूळ रस्ता राज्य शासनाच्या एका विभागाचा होता, तिकडे बघा. डिसेंबर गेला, जानेवारी गेला.

मी सुचवलं की 'रस्ता कोणाचा' हा प्रश्न माहिती अधिकारात विचारूच नये. त्याला उत्तर म्हणून हस्तांतरणाचा इतिहास येतो. आम्ही ४ फेब्रुवारीला दिलेल्या अर्जात वेगळं विचारलं. पंचनाम्यात चेंबरजवळच्या पथदिव्याच्या खांबाचा क्रमांक होता. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराचे उपकार. त्या क्रमांकाच्या खांबाचं वीजबिल कोणत्या विभागाच्या खात्यातून भरलं जातं? आणि गेल्या पावसाळ्याआधी या गटाराची नालेसफाई कोणत्या कार्यादेशाने झाली, त्याची प्रत द्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं. बिल महापालिकेचा विद्युत विभाग भरत होता. नालेसफाईचा कार्यादेशही महापालिकेचाच, ठेकेदाराच्या नावासकट, आणि त्यातल्या लांबीत आमचा चेंबर बसत होता. चेंबर साफ करण्यापुरता महापालिकेचा आणि त्यात माणूस पडला की दुसऱ्याचा, हे कोणत्याही कोर्टात सांगायला जड जाणार होतं.

मालकी नक्की असेल तर प्रकरण किती सोपं होतं त्याचं जुनं उदाहरण दिल्लीचं आहे. चांदनी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं गेली. मनोरा महापालिकेच्या ताब्यात होता याबद्दल वादच नव्हता. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, मनोरा पडला यातच हलगर्जीपणा दिसतो, आता निष्काळजी नव्हतो हे महापालिकेने दाखवावं. उलट राजकोटला झाड पडून एक माणूस गेला, त्यात १९९७ मध्ये त्याच न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं नाही. आणि दोनच वर्षांनी दिल्लीतल्या स्कूटरस्वारावर फांदी पडल्याच्या प्रकरणात महापालिका जबाबदार ठरली. मुद्दा एवढाच की ठिकाण बरोबर निवडलं म्हणून दावा जिंकलाच असं होत नाही.

सहा महिने की दोन वर्षं

माझ्याकडे येण्याआधी कोणीतरी भावाला दिलासा दिला होता: "घाई कशाला, दोन वर्षं मुदत आहे." हा दिलासा पूर्ण खोटा नाही. म्हणूनच तो घातक आहे. मृत्यूच्या भरपाईचा दावा ज्या कायद्याखाली लागतो तो प्राणघातक अपघात कायदा १८५५ चा, म्हणजे सत्तावनच्या उठावाच्याही दोन वर्षं आधीचा. त्याखालच्या दाव्याला मुदत कायद्यातल्या ८२ व्या अनुच्छेदाने मृत्यूपासून दोन वर्षं दिली आहेत. पण प्रतिवादी महापालिका असली की महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधलं कलम ४८७ समोर येतं. दाव्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस, आणि दाव्याचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा. कर्तव्यात कसूर केली एवढाच आरोप असला तरी हे कलम लागू होतं, आणि झाकण न लावणं म्हणजे कसूरच. (मुंबई महापालिकेला वेगळा १८८८ चा कायदा आहे, पण त्यातल्या ५२७ व्या कलमाची घडण अशीच आहे.) दोन वर्षं की सहा महिने यावर युक्तिवाद करता येतो. मी तो विधवेच्या जिवावर करणार नाही. लहान मुदत धरायची, तीही मृत्यूपासून न मोजता अपघातापासून. म्हणून २८ एप्रिल. मृत्यूपासून मोजलं असतं तर १ मे आला असता, म्हणजे महाराष्ट्र दिनाची सुट्टी आणि मागोमाग उन्हाळी सुट्ट्या. कोर्ट बंद असताना मुदत संपली तर उघडल्या दिवशी दावा दाखल करता येतो, पण तोवर कोणाला झोप लागते?

नोटीस 'कुठे' द्यायची यालाही कलमात जागा ठरलेली आहे: महापालिकेचं मुख्य कार्यालय. म्हणजे ठाणे असेल तर पाचपाखाडी, नवी मुंबई असेल तर बेलापूर. भावाचा नोव्हेंबरातला अर्ज प्रभाग कार्यालयात दिलेला होता. त्यात 'न्याय मिळावा ही नम्र विनंती' होती, पण दावा लावणार असल्याचा शब्द नव्हता, वादीचं पूर्ण नाव-पत्ता नव्हता. भाऊ तो शिक्का मला अभिमानाने दाखवत होता, आणि तो नोटीस म्हणून चालणार नाही हे सांगणं जिवावर आलं.

रस्त्याचं उत्तर यायची वाट न पाहता आम्ही ९ फेब्रुवारीला तीन नोटिसा दिल्या. महापालिकेला मुख्यालयात, आवक विभागाची पोच घेऊन. महामंडळाला त्याच्या कार्यालयात. आणि राज्य शासनाला संहितेच्या कलम ८० खाली. तिथे मुदत दोन महिन्यांची असते आणि नोटीस सचिवांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते. ठाण्यात जिल्हाधिकारी कार्यालय कोर्ट नाक्यालाच आहे, आमच्या कारकुनाला रस्ता ओलांडावा लागला. महापालिका स्वतः 'शासन' नाही, तिला कलम ८० लागत नाही, हे वकिलांनाही कधीकधी आठवत नाही. शासनाला धरायचं ठरवलं की मात्र सगळ्यात मोठी मुदत आपल्याला बांधते. ९ एप्रिलला दोन महिने पुरे होत होते. २८ एप्रिलपर्यंत हातात अठरा-एकोणीस दिवस, त्यात आंबेडकर जयंतीची सुट्टी. ही मंडळी मार्चमध्ये आली असती तर शासनाला सोडूनच दावा लावावा लागला असता, किंवा तातडीच्या सबबीवर नोटिशीविना परवानगी मागावी लागली असती.

एकच दावा

नोटिशीवर सह्या घेताना आई गप्प होती. सून मुलांना आणायला बाहेर गेली तशी हळूच म्हणाली, "भावकी म्हंती, तू तुझी वायली केस टाक. तिच्यात टाकलीस तर सगळं तिला जाईल."

१८५५ च्या कायद्याने हे आधीच बंद करून ठेवलंय. एका मृत्यूसाठी एकच दावा. तो मयताच्या प्रतिनिधीने लावायचा, पण बायको किंवा नवरा, आई-वडील आणि मुलं या सगळ्यांसाठी, आणि कोणाकोणासाठी लावला ते दाव्यात लिहून द्यायचं. रक्कम कोणाला किती हे कोर्ट वाटून देतं. साताऱ्यात एक आणि ठाण्यात एक, असं होत नाही. आईंना मी हे दोनदा समजावलं. त्यांनी विचारलं, "आन् ह्येचं?" म्हणजे धाकट्या मुलाचं, जो तीन महिने धंदा बुडवून फिरत होता. कायद्याच्या यादीत भाऊ नाही. भाऊ शेजारीच बसला होता. "मला नकोच हाय काय," म्हणाला, आणि पिशवीत कागद भरू लागला.

कोणत्या पायरीचं कोर्ट हे रकमेवर ठरतं, म्हणून आकडा काढावा लागला. मोटार अपघाताच्या दाव्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली पद्धत दिवाणी कोर्टंही मापाला घेतात. महिन्याची कमाई २४,०००. पावत्या फार नव्हत्या, पण गिऱ्हाइकांनी फोनवरून पाठवलेले पैसे बँकेच्या उताऱ्यात दिसत होते. वर्षाचे २,८८,०००. चाळिशीच्या आतला स्वतःचा धंदा करणारा, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरले की ४,०३,२००. मागे अवलंबून चार जण, तेव्हा स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले ३,०२,४००. वय ३८, गुणक १५. झाले ४५,३६,०००. त्यात उपचार, अंत्यविधी वगैरे. पाच लाखांच्या वरचा दावा असल्याने कनिष्ठ स्तर बाद, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर.

आता हद्द. कलम १९ प्रमाणे आमच्याकडे पर्याय होते. महामंडळाचं मुख्यालय मुंबईत, मृत्यूही मुंबईत. कोणी सुचवलं की मुंबईला लावा, तिथे कामं लवकर होतात. (होतात का, हा मुद्दा बाजूला ठेवू.) मी चेंबर जिथे आहे तिथलंच कोर्ट निवडलं. चूक तिथे घडली याबद्दल एकाही प्रतिवादीला शंका घेता येत नव्हती, महापालिकेचं कामकाजही त्याच हद्दीत, आणि साक्षीदार तिथले: पंच, चहावाला, रिक्षा थांबवून त्याला उचलणारा. चुकीच्या कोर्टात लावला तर दावा बुडतोच असं नाही. वादपत्र योग्य कोर्टात दाखल करायला परत मिळतं आणि प्रामाणिकपणे तिथे गेलेला काळ मुदतीतून वगळण्याची तरतूद आहे. पण सहा महिन्यांच्या मुदतीत असले प्रयोग करू नयेत.

कोर्ट फीची काळजी बायकोला होती. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज केला. दावा १६ एप्रिलला दाखल झाला. प्रतिवादी चार: महापालिका, महामंडळ, राज्य शासन, नालेसफाईचा ठेकेदार.

सहा लाख

या प्रकरणाला अपघाताच्या पंधरा दिवस आधीच एक नवी वाट फुटली होती, आणि घरातल्या कोणाला तिचा पत्ता नव्हता. खड्ड्यांबाबत उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या २०१३ च्या जनहित याचिकेत न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांनी १३ ऑक्टोबर २०२५ ला आदेश दिला: खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख, जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख. महापालिकेच्या हद्दीत त्यासाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती, इतर यंत्रणांच्या रस्त्यांसाठी त्या यंत्रणेचे वरिष्ठ अधिकारी आणि सचिव. पोलिसांनी ४८ तासांत समितीला कळवायचं. अर्ज आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे, नाहीतर ९ टक्के व्याज आणि अधिकाऱ्यांची वैयक्तिक जबाबदारी. मुख्य म्हणजे ही रक्कम इतर कायदेशीर हक्कांव्यतिरिक्त आहे, ती घेतली म्हणून दावा संपत नाही.

मग मी भावाला विचारलं, पोलिसांनी समितीला कळवलं होतं का? त्याला समिती म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पोलीस ठाण्यातल्या अंमलदारालाही नसावं, कारण आदेशाची प्रत भावानेच छापून नेली तेव्हा त्यांनी ती वाचून ठेवून घेतली. आमचा अर्ज १२ फेब्रुवारीचा. समितीपुढेही पहिला प्रश्न तोच: रस्ता आमचा आहे का? कोणत्या समितीकडे जायचं हे रस्त्याच्या मालकावर ठरतं, म्हणजे नवीन वाटेवरही जुनंच फाटक. मार्चमध्ये खांबाच्या बिलाचं आणि नालेसफाईचं उत्तर जोडलं तेव्हा ते उघडलं. समितीत एक न्यायिक अधिकारी असण्याचा फायदा तिथे जाणवला. कागद वाचले गेले. पैसे आले मे महिन्याच्या मध्यात, तेराव्या आठवड्यात. उशिराच्या आठवड्यांच्या व्याजाचा अर्ज वेगळा दिलाय. सहा लाखांतून बायकोने आधी रुग्णालयासाठी घेतलेली उसनवारी फेडली.

दाव्यात महापालिकेची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, आली आहे. तीन बचाव: रस्ता हस्तांतरित नाही, हेल्मेटचा पट्टा लावलेला नव्हता, आणि दावा या कोर्टाच्या हद्दीत बसत नाही. तिसरा बहुधा सवयीने टाकलाय, कारण हद्द कोणती असायला हवी होती ते लिहिलेलं नाही. पूर्वी महाराष्ट्रात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ९-अ कलमाच्या जोरावर अशा एका वाक्यासाठी अधिकारक्षेत्राचा मुद्दा आधी निकाली काढावा लागायचा आणि मूळ दावा वर्षानुवर्षं थांबायचा. ते कलम २०१८ मध्ये वगळलं गेलं, त्यामुळे आता हा मुद्दा बाकी मुद्द्यांबरोबर चालेल. पट्ट्याच्या मुद्द्याने रक्कम काही टक्के कमी होऊ शकते, तिथे मी निश्चिंत नाही. हस्तांतरणाच्या मुद्द्यावर आमचा सगळा भार त्या एका खांबावर आहे.

जूनच्या पहिल्या जोरदार पावसानंतर भावाचा फोन आला. तो मुद्दाम त्या रस्त्याने गेला होता. चेंबरवर नवं झाकण बसलंय, म्हणाला, आणि खांबही रंगवलाय. "साहेब, नंबर बदललाय त्याच्यावरचा." मी त्याला तिथेच उभं राहून फोटो काढायला सांगितले: खांब पूर्ण, नंबर जवळून, आणि मागचं दुकान दिसेल असा एक. पंचनाम्यावेळचे फोटो त्याच दुकानाची पाटी दाखवतात. दुसऱ्या दिवशी कारकून जुने-नवे फोटो शेजारी-शेजारी लावून कागदांची यादी करत बसला, आणि मी फोनवरच्या फोटोंसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र भावाच्या सहीसाठी टाइप केलं. वारसांच्या यादीत त्याचं नाव नाही, साक्षीदारांच्या यादीत मात्र आता पहिलं आहे.